अमाडोरचा रस्ता कोणाचा?

पनामा सिटीला लागूनच, पनामा कालवा प्रशांत महासागराला मिळतो तिथे, एक लांबलचक रस्ता थेट समुद्रात शिरलेला आहे. नाओस, कुलेब्रा, पेरिको आणि फ्लामेंको या चार लहान बेटांना मुख्य भूमीशी जोडणाऱ्या या अमाडोर कॉजवेची लांबी साधारण पाच-सहा किलोमीटर. एका अंगाला उपसागराच्या पाण्यापलीकडे शहराच्या गगनचुंबी इमारती दिसतात. दुसऱ्या अंगाला कालव्याचा जलमार्ग आणि त्यावरचा, १९६२ मध्ये खुला झालेला, कमानदार ‘पुएंते दे लास अमेरिकास’ पूल आहे. दूरवर नांगर टाकून आपल्या पाळीची वाट पाहणारी जहाजे उभी असतात. ताडामाडांच्या रांगेतून सायकल हाकणाऱ्या पर्यटकाचे मन एवढ्यानेच भरून जाते, आणि त्यात नवल नाही. तरीही या रस्त्यावर जाताना तीन प्रश्न सोबत न्यावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते: तो कशासाठी बांधला, कोणाच्या घामातून उभा राहिला आणि त्यावर पाऊल टाकण्याचा हक्क कोणाला होता? समुद्रकाठच्या बांधकामाचे मोल अखेर या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, आणि अमाडोरइतका त्याचा स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर समुद्राच्या स्वभावात आहे. कालव्याच्या कॅरिबियन टोकाला भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्या आत राहतो. प्रशांत टोकाला तोच पाच मीटरच्या पुढे जातो. त्यात पनामाचा उपसागर उथळ आणि गाळाचा. पूर्वेकडून येणारा किनारी प्रवाह हा गाळ कालव्याच्या तोंडात आणून टाकणार आणि खोदलेला जलमार्ग पुन्हा पुन्हा बुजणार, हे अभियंत्यांनी ओळखले होते. म्हणून मार्गाच्या पूर्वेला दगडी बांध घालून प्रवाह अडवायचे ठरले. त्याच वेळी देशाच्या मध्यातल्या, वरच्या बेटाशी फक्त नावाने जुळणाऱ्या कुलेब्राच्या डोंगरातून सुमारे तेरा किलोमीटर लांबीची घळ खोदली जात होती आणि निघालेल्या दगडमातीचे करायचे काय, हा रोजचा पेच होता. मग तोच दगड आगगाड्यांत भरून किनाऱ्यावर आणला आणि समुद्रात ओतला. तळ मऊ चिखलाचा असल्याने भराव खचत राही, पुन्हा दगड टाकावा लागे. अखेर १९१३ मध्ये बांध पुरा झाला आणि १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा वाहतुकीला खुला झाला. आज फिरायला येणारा माणूस ज्यावरून चालतो, तो देशाच्या मध्यातून उचलून आणलेला डोंगर आहे.

तो डोंगर फोडणारे हात मुख्यतः बार्बाडोस, जमैका आणि आसपासच्या कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीय मजुरांचे होते. कालव्याचे बांधकाम अमेरिकेच्या हाती असताना अपघात आणि आजार मिळून ५,६०९ मृत्यूंची नोंद आहे. त्यांत सर्वाधिक हेच मजूर होते. गोऱ्या अमेरिकी कर्मचाऱ्यांना पगार सोन्याच्या नाण्यांत, यांना चांदीच्या. आणि याच वाटणीवर घरे, खानावळी, दवाखाने, शाळाही वेगळ्या. बांधाचा दगड पाहताना या माणसांची आठवण ठेवणे हे पाहुण्याचे कर्तव्य आहे.

बांध पुरा झाला, पण तो पनामाच्या लोकांचा झाला नाही. १९०३ च्या करारान्वये कालव्याभोवतीचा सुमारे सोळा किलोमीटर रुंदीचा पट्टा अमेरिकेच्या ताब्यात गेला होता. कॉजवेच्या मुळाशी फोर्ट अमाडोर आणि बेटांवर फोर्ट ग्रँट ही लष्करी ठाणी उभी राहिली, अजस्र तोफा बसवल्या गेल्या. फोर्टला नाव मिळाले ते पनामाचे पहिले राष्ट्राध्यक्ष मानुएल अमाडोर गेरेरो यांचे. पण त्यांच्याच देशबांधवांना मनाला येईल तेव्हा इथे वारा खायला येण्याची मुभा नव्हती. ९ जानेवारी १९६४ रोजी विद्यार्थी कालवापट्ट्यात पनामाचा ध्वज फडकवायला गेले, त्यातून दंगल उसळली आणि वीसहून अधिक पनामावासी प्राणांना मुकले. तो दिवस तिथे आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात. १९७७ मध्ये पनामाचे नेते तोरिहोस आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कालवा परत देण्याच्या करारांवर सह्या केल्या, फोर्ट अमाडोर १९९६ मध्ये परत मिळाला आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवाही पनामाच्या हाती आला. दगड, पाणी, बेटे, सगळे पूर्वीचेच होते. फक्त अडसर निघाला, आणि लष्करी बांध शहराचे फिरण्याचे ठिकाण झाला.

अमाडोरला इतके महत्त्व देण्यावर पहिला आक्षेप असा की, कालवा समजून घ्यायचा तर मिराफ्लोरेसच्या लॉकजवळ जावे. जहाज पाण्याने उचलले जाताना तिथे डोळ्यांसमोर दिसते. ते अवश्य पाहावे. पण लॉक केवळ यंत्रणा दाखवतो. जहाज त्या दरवाजापर्यंत सुखरूप पोहोचते ते समुद्राचा गाळ बाहेर अडवला म्हणून, आणि तो अडवण्याची किंमत कोणी मोजली हे अमाडोरलाच उमगते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: आता तिथे मरीना आहेत, महागडी उपाहारगृहे आहेत, क्रूझ जहाजांचा धक्का आहे, मग अडसर निघाला म्हणायचे की नुसता बदलला? ही भीती खरी आहे. पण पायवाट आणि सायकलमार्ग विनामूल्य आहेत, आणि रविवारी सहकुटुंब येणाऱ्या सामान्य माणसाला कोणी परवाना विचारत नाही. १९६४ च्या तुलनेत हा फरक लहान नव्हे. तो टिकवायचा तर प्रत्येक नव्या बांधकामावर नागरिकांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे, एवढेच या आक्षेपातून सिद्ध होते.

तिसरा आक्षेप निसर्गाच्या बाजूचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. प्रवाह अडवणारा बांध किनाऱ्याचे रूप बदलतोच, आणि पनामाच्या उपसागरातल्या चिखलपट्ट्यांवर दरवर्षी लाखो स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. म्हणून अमाडोर पाहून ‘असेच आपणही बांधू’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. जे बांधून झाले आहे त्याचा उपयोग समुद्र समजून घेण्यासाठी करावा, आणि तसा तो होतोही आहे. नाओस बेटावर स्मिथसोनियन संस्थेची सागरी प्रयोगशाळा आहे, शेजारी पुंता कुलेब्रा येथे तिचे लोकांसाठी खुले निसर्गकेंद्र आहे. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी वर आली आणि एका समुद्राचे दोन झाले. दोन्ही बाजूंना अडकलेल्या जीवांची वाट कशी वेगळी होत गेली, याचा अभ्यास या संस्थेतील शास्त्रज्ञ करत आले आहेत. फ्रँक गेरी यांनी आराखडा केलेले, रंगीबेरंगी छपरांचे बायोम्यूझिओ २०१४ मध्ये कॉजवेच्या सुरुवातीलाच उघडले. जमिनीचा हा पूल जोडला गेल्यावर स्लॉथ आणि आर्माडिलो यांचे पूर्वज उत्तरेला, तर मांजरकुळातले प्राणी आणि घोडे दक्षिणेला कसे गेले, याची कथा तिथे उलगडते.

जाणाऱ्याने डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा कोरडा हंगाम निवडावा, दुपारचे ऊन टाळावे आणि निघण्यापूर्वी भरतीची वेळ पाहावी. ओहोटीला उघडा पडलेला किनारा पाहिला की बांध का हवा होता ते लगेच समजते. संग्रहालयापासून फ्लामेंकोपर्यंत शक्यतो पायी किंवा सायकलने जावे. एका अभियांत्रिकी गरजेतून जन्मलेला, परक्या सैन्याने बंद ठेवलेला आणि लोकांनी झगडून परत मिळवलेला हा रस्ता आहे. किनाऱ्यावर कुठेही नवा रस्ता, नवा भराव घालण्याची भाषा होईल तेव्हा त्याची लांबी आणि खर्च विचारण्याआधी विचारावे की, ज्याच्या खिशात पैसा नाही आणि हाती ओळखपत्र नाही, त्यालाही त्यावर उभे राहून समुद्र पाहता येईल का? याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते काम कितीही देखणे असले तरी सार्वजनिक म्हणवून घेण्याचा त्याला अधिकार नाही.