बारा ते दोन पार्सल येत नाही

टोकियो

इथे पार्सल किती वाजता हवं ते ग्राहक ठरवतो. यामातो या बड्या कुरिअर कंपनीच्या फॉर्मवर त्यासाठी रकाने असतात: सकाळ, मग दुपारी २ ते ४, आणि पुढे रात्री ९ पर्यंत. १२ ते २ हा रकानाच नाही. २०१७ पर्यंत तो होता. ऑनलाइन खरेदीमुळे पार्सलांचा नुसता डोंगर झाला होता आणि ड्रायव्हर मिळेनासे झाले होते. त्यातच हजारो कर्मचाऱ्यांचा ओव्हरटाइम बुडवल्याचं उघड झालं. कंपनीने थकबाकी चुकती केली, २७ वर्षांनी प्रथमच सरसकट दर वाढवले आणि दुपारचा रकाना काढून टाकला. कारण साधं होतं, ड्रायव्हरला जेवायला वेळ मिळावा. ग्राहकाला देव मानणाऱ्या या देशात एवढं करायलाही धाडस लागतं.

जपानच्या मनुष्यबळ टंचाईवर बाहेर जे लिहिलं जातं ते बहुधा रोबोंबद्दल असतं. रोबो आहेत. स्कायलार्क साखळीच्या रेस्टॉरंटांत मांजराच्या तोंडाचा रोबो जेवण घेऊन टेबलापाशी येतो. पण ताटल्या उतरवून घ्यायच्या आपण, आणि टेबल पुसायला शेवटी माणूसच येतो.

१५ ते ६४ वयाची लोकसंख्या १९९५ च्या सुमारास शिगेला पोचली, तेव्हा ती ८ कोटी ७० लाखांच्या आसपास होती. आता ती ७ कोटी ४० लाखांवर आली आहे. यात अचानक असं काहीच घडलं नाही. वीस वर्षांनी विशीत किती जण असणार, हे जन्मनोंदीवरून तेव्हाच कळत होतं. तरी बहुतेक मालक स्वस्थ बसले. नव्वदच्या दशकात मंदी आली, पदवीधर तरुण कंत्राटी कामासाठी रांगा लावू लागले, आणि माणूस स्वस्तात मिळतो, एक गेला की दुसरा येतो, ही सवय अंगवळणी पडली. ती सवय आता महागात पडते आहे. माणसं मिळत नाहीत म्हणून दिवाळखोरीत गेलेल्या कंपन्यांची तेइकोकु डेटाबँक ही संस्था वेगळी मोजदाद ठेवते. २०२४ मध्ये त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली.

वेळीच जागे झालेलेही होते. गिफू प्रांतातल्या नाकात्सुगावा या लहान शहरात कातो सेइसाकुशो नावाचा, पत्र्याचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. कामाच्या ऑर्डरी होत्या, पण शनिवार-रविवारी यंत्रं बंद राहत. मालकाने २००१ मध्ये जाहिरात दिली: माणसं हवीत, अट एकच, वय ६० च्या वर. सुट्टीच्या दिवशी नातवंडांचा बाप घरी आणि आजोबा कारखान्यात, अशी पाळी लागली. पुढे कायदाही त्याच वाटेने गेला. इच्छा असेल त्याला ६५ पर्यंत कामावर ठेवणं २०१३ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झालं, आणि ७० पर्यंत संधी देण्याचा प्रयत्न करावा, असं २०२१ पासून कायदा सांगतो.

यातली मेख मात्र पाहुण्यांना कोणी दाखवत नाही. बऱ्याच कंपन्या साठाव्या वर्षी माणसाला निवृत्त करतात आणि दुसऱ्या दिवशी वर्षाच्या करारावर परत घेतात. काम तेच, खुर्ची तीच, पगार मात्र बराच कमी. टँकर चालवणाऱ्या काही ड्रायव्हरांनी यावर दाद मागितली, तेव्हा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुतांशी कंपनीच्या बाजूने कौल दिला. माझ्या मते अशाने माणूस टिकत नाही, नुसता थांबतो. सायबोझू या सॉफ्टवेअर कंपनीने उलटी वाट धरली. २००५ मध्ये तिथले अठ्ठावीस टक्के लोक वर्षभरात सोडून गेले होते. कंपनीने कामाचे तास आणि जागा निवडायची मुभा दिली. शिवाय तरुण कर्मचारी नोकरी सोडून गेला तरी सहा वर्षांत परत येऊ शकतो, अशी सोयही केली. गळती चार-पाच टक्क्यांवर आली. दार उघडं ठेवलं की माणसं कमी पळतात, हे इथल्या मालकांना अजूनही पटत नाही.

परदेशी कामगारांच्या बाबतीत तर मुळीच नाही. १९९३ मध्ये ‘तांत्रिक शिकाऊ’ योजना सुरू झाली. कागदावर हेतू गरीब देशांना कौशल्य देण्याचा होता, प्रत्यक्षात शेतं, शिवणाचे कारखाने आणि बांधकामं यांना हात मिळाले. शिकाऊला सहसा मालक बदलता येत नाही. ज्याला बदलता येत नाही तो पळतो: २०२३ या एका वर्षात नऊ हजारांहून जास्त शिकाऊ बेपत्ता झाले. अखेर २०२४ मध्ये संसदेने ही योजना मोडीत काढणारा कायदा केला. एप्रिल २०२७ पासून नवी पद्धत येते आहे. तीत एक-दोन वर्षांनी, भाषा आणि कौशल्याच्या अटी पाळून, त्याच क्षेत्रातला दुसरा मालक धरता येईल.

लहान गावांतले मालक यामुळे धास्तावले आहेत. २०२५ च्या दरांनुसार टोकियोत किमान वेतन तासाला १,२२६ येन आहे, तर ओकिनावात १,०२३. आम्ही भाषा शिकवायची, घर बघून द्यायचं आणि तयार माणूस टोकियोने न्यायचा का, असा त्यांचा सवाल आहे. तक्रार खोटी नाही. पण गेली तीस वर्षं त्यांना हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण माणूस जाऊच शकत नव्हता.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत भारतातून ५० हजार कुशल माणसं इथे आणायचं ठरवलं. पुण्यात जपानी शिकणारी मुलं आजवर बहुधा संगणकाकडे किंवा दुभाष्याच्या कामाकडे वळत. आता येणाऱ्यांत वृद्धांची सेवा करणारे आणि बांधकामावरचेही असतील. पगाराच्या आकड्याआधी त्यांनी व्हिसा कोणता ते पाहावं. २०१९ पासून मिळणाऱ्या ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसावर त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो, शिकाऊ म्हणून आलेल्याला सहसा येत नाही. एजंटाच्या रंगीत पत्रकात हा फरक सापडला नाही, तर तो तोंडी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं.