सॅकला रंग का बसत नाही?

नरसी नामदेवहून पंढरीच्या वाटेला लागणाऱ्यांच्या खांद्यावर पूर्वी सुती पडशी असे. आता पाठीवर हलकी सॅक दिसते. शाळकरी मुलांचं दप्तरही तेच. दोन उन्हाळे गेले की तिचा रंग विटतो. मग सुती कापडाच्या रंगाची पुडी आणायची, मीठ घालून पाणी उकळायचं, सॅक बुडवायची. आणि पहिल्या पावसात सदऱ्यावर निळे ओघळ!

दोष पुडीचा नव्हे. तो रंग सुताचा सोबती. सॅकचं कापड बहुधा नायलॉनचं असतं, नाही तर पॉलिएस्टरचं. दिसायला सख्खी भावंडं, पण स्वभाव वेगळा. नायलॉन हवेतली ओल वजनाच्या शेकडा 4 भागांपर्यंत घेतो, पॉलिएस्टर अर्धा भागही नाही. शिवाय पाणी आंबट केलं, की नायलॉनच्या धाग्यातल्या काही जागा रंगाचे कण ओढून धरतात. म्हणून लोकर-रेशमाचे आम्लरंग, पाण्यात थोडं व्हिनेगर टाकून, नायलॉनला चालतात. पॉलिएस्टरला निराळे रंग, आणि गडद छटेसाठी दाबाखालची सुमारे 130 अंश उष्णता लागते. ते कारखान्याचं काम. घरच्या कुकरमध्ये उद्या वरण शिजायचं आहे, तो या भानगडीत घालू नये.

जात कशी ओळखावी? आतली चिठ्ठी वाचा. ती नसेल तर आपल्या वसमतकडची हळद आहेच! शिवणीतली चिंधी कापून हळदीच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, मग खळबळून धुवा. नायलॉन चांगला पिवळा होतो, पॉलिएस्टर बहुधा फिकाच राहतो. गुरुजींनी हे वर्गात जरूर करावं. पिवळ्या चिंधीला साबण लावला की ती लाल होते, तेव्हा मुलं बाकावरून उठतात. सबंध सॅक मात्र हळदीनं रंगवू नका. उन्हात तो रंग टिकत नाही.

आता खरी जोखीम. सॅकच्या आतून पाणी अडवणारा पातळ थर असतो. खळखळ उकळलं तर तो सुटतो, मग रंग येतो नि पुस्तकं भिजतात. थर आधीच चिकट झाला असेल तर रंगवूच नका. सिलिकोन लावलेल्या कापडावर कुंचल्याचा रंगही पोपडे होऊन निघतो.

स्वयंपाकाला न लागणारं रुंद भांडं घ्या, पाणी उकळीच्या खाली ठेवा, सॅक सतत हलवा, त्याच पाण्यात निवू द्या आणि सावलीत वाळवा. शिवणीचा दोरा पुष्कळदा पॉलिएस्टरचा असतो. तो जुन्याच रंगाचा राहील.