खाली मालक, वर भाडेकरू

शिकागो :
पिल्सन, ब्रिजपोर्ट, लोगन स्क्वेअर अशा शिकागोच्या कुठल्याही जुन्या वस्तीत गेलात तरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकाच घाटाची घरं दिसतात. प्लॉट पंचवीस फूट रुंद आणि सव्वाशे फूट खोल. त्यावर विटांचं किंवा दर्शनी बाजूला करडा चुनखडी दगड लावलेलं दुमजली घर. दाराशी दोन घंटा, दोन टपालपेट्या. खालच्या मजल्यावर एक बिऱ्हाड, वरच्यावर दुसरं. याला इथे ‘टू-फ्लॅट’ म्हणतात. शहरातली सुमारे चौथा हिस्सा घरं अशा दोन ते चार बिऱ्हाडांच्या इमारतींत आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चेक, पोलिश, लिथुएनियन कामगारांनी ती घेतली. स्वतः खाली राहायचं, वरचा मजला भाड्याने द्यायचा आणि त्या भाड्यातून कर्ज फेडायचं, असा त्यांचा हिशेब होता.

भाड्याच्या घरांत पैसा गुंतवू पाहणारा नवशिका आजही इथूनच सुरुवात करतो. पुण्या-मुंबईकडे दुसरा फ्लॅट घेणारा माणूस उद्याच्या किमतीवर डोळा ठेवून घेतो; भाडं किरकोळ, आणि भाडेकरूची कटकट नको म्हणून कैक फ्लॅट कुलूपबंदच राहतात. शिकागोत बरीच वर्षं किमती धीम्या चालत होत्या. त्यामुळे इथला माणूस आधी भाडं विचारतो, किंमत नंतर. शिवाय इथल्या बँका, करखातं आणि कायदा हे सगळे मालक त्याच इमारतीत राहतो का, हे पाहतात. राहत असला तर त्याला झुकतं माप मिळतं.

आधी कर्जाचं पाहू. फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही सरकारी संस्था १९३४ साली स्थापन झाली. ती स्वतः कर्ज देत नाही, बँकेने दिलेल्या कर्जाचा विमा उतरवते. चार बिऱ्हाडांपर्यंतची इमारत घेऊन तुम्ही तिच्यात किमान वर्षभर राहणार असाल, तर या विम्याच्या आधारे अवघ्या साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर कर्ज मिळू शकतं. व्याजदर ठरला की तीस वर्षं तोच. आपल्याकडच्या फ्लोटिंग रेटच्या कर्जदाराला हेवा वाटावा अशी ही सोय आहे. तीच इमारत निव्वळ भाड्यासाठी घ्यायची म्हटली, तर बँक वीस-पंचवीस टक्के मागते आणि व्याजही चढं लावते. चार या आकड्याला इथे फार महत्त्व आहे. पाचवं बिऱ्हाड आलं की कर्ज व्यापारी गटात जातं, आणि महापालिकेची कचरागाडी येणंही थांबतं. खासगी गाडी लावावी लागते.

आता हिशेब मांडू. समजा, टू-फ्लॅट पाच लाख डॉलरचा आहे. साडेतीन टक्के म्हणजे साडेसतरा हजार डॉलर. वकील, तपासणी आणि कागदपत्रांचा खर्च वेगळा. साडेसहा टक्के व्याज धरलं तर हप्ता तीन हजार शंभरच्या आसपास. कर्जविम्याचे दोनशे वीस, मालमत्ता कराचे साधारण पावणेसातशे आणि घराच्या विम्याचे अडीचशे मिळवले की महिन्याला सव्वाचार हजारांच्या घरात जातं. वरच्या मजल्याचं भाडं एकवीसशे आलं, तर उरलेले एकवीसशे मालकाच्या खिशातून जाणार. रिकामे महिने आणि दुरुस्ती यांसाठी आणखी दोनशे बाजूला काढायचे. म्हणजे खालच्या मजल्यावर राहण्यासाठी तो जवळपास बाजारभावाचंच भाडं भरतो. पहिल्या वर्षी हातात काही उरत नाही. कर्जाचं मुद्दल भाडेकरूच्या मदतीने फिटत जातं, हीच कमाई.

इथले जुने गुंतवणूकदार म्हणतात, महिन्याचं भाडं किमतीच्या एक टक्का तरी हवं. वरच्या उदाहरणात दोन्ही मजले दिले तरी बेचाळीसशेच होतात, पाच हजार नाहीत. एक टक्का साधतो तो बहुतेक दक्षिण आणि पश्चिम शिकागोतल्या स्वस्त वस्त्यांत. तिथे भाडं थकणं, घर रिकामं राहणं, मोडतोड होणं हे सगळं त्या एका टक्क्यात आधीच धरलेलं असतं.

अशी घरं पाहताना नवखे स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यावर भाळतात. मुरलेला इन्स्पेक्टर सरळ तळघरात उतरतो. बॉयलरवरचं साल वाचतो आणि जमिनीखालच्या भाजक्या मातीच्या सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा सोडतो. पडद्यावर पाइपाच्या सांध्यातून आत शिरलेल्या झाडाच्या मुळांचा झुबका दिसला, की सौद्यातून काही हजार डॉलर कमी करून घ्यायचे. पाण्याची जोडणी शिशाच्या पाइपाची आहे का, हे तो पाहतो. १९८६ पर्यंत इथे शिसंच सक्तीचं होतं. विटांच्या दरजा कधी भरल्या, हेही विचारतो. शेवटी मागच्या लाकडी गॅलऱ्यांचे खांब हलवून बघतो. २००३ साली लिंकन पार्कमध्ये अशी गॅलरी कोसळून तेरा तरुण दगावले, तेव्हापासून त्या बाबतीत कुणी हयगय करत नाही.

भाडेकरूचा कायदाही असाच मालकाचा पत्ता विचारतो. १९८६ च्या शहर अध्यादेशानुसार अनामत रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून तिच्यावर व्याज द्यावं लागतं. व्याजाचा दर ०.०१ टक्के, म्हणजे दीड हजार डॉलरवर वर्षाला पंधरा सेंट! पण ही रक्कम स्वतःच्या पैशांत मिसळली, तर दुप्पट भरपाई आणि वरून भाडेकरूच्या वकिलाची फी. त्यामुळे अनेक मालकांनी अनामत घेणंच सोडलं आणि परत न मिळणारी ‘मूव्ह-इन फी’ सुरू केली. सहापर्यंत बिऱ्हाडांच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल, तर हा अध्यादेश त्याला लागू नाही. हिवाळ्यातून मात्र कुणाची सुटका नाही. हीटिंग मालकाच्या हातात असेल, तर १५ सप्टेंबर ते १ जून दिवसा ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे वीस सेल्सिअस, ऊब द्यावीच लागते. भाडं थकवणाऱ्याविरुद्ध कोर्टाचा हुकूम मिळाला तरी पारा पंधरा फॅरनहाइटच्या खाली असेल, त्या दिवशी शेरीफ त्याला बाहेर काढत नाही.

घरमालकीच्या या शिडीच्या पायऱ्या सगळ्यांसाठी खुल्या नव्हत्या. हीच फेडरल संस्था कित्येक दशकं कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या कर्जांचा विमा नाकारत होती. परिणामी १९५० आणि ६० च्या दशकांत नॉर्थ लॉनडेलमध्ये कृष्णवर्णीय कुटुंबांना असेच टू-फ्लॅट ‘कॉन्ट्रॅक्ट’वर, दामदुपटीने घ्यावे लागले. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याची. एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले. १९६८ मध्ये खरेदीदारांनी संघटना उभारून हप्ते रोखले, तेव्हा कुठे काहींचे करार बदलले. त्याच रस्त्यांवर आज ‘स्वस्त आणि भाडं चांगलं’ म्हणून जाहिराती लागतात. तो स्वस्तपणा कुठून आला, हे घेणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

इथे नोकरीसाठी आलेली मराठी मंडळी उपनगरांत एका कुटुंबाचं घर घेणं पसंत करतात. डोक्यावर भाडेकरूची पावलं नकोत, हे त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण जो टू-फ्लॅट घेतो, त्याने वर्ष संपताच बाहेर पडायची घाई करू नये. मालक बाहेर पडला की करातली सवलत जाते, अनामतीचा अध्यादेश लागू होतो आणि नळ गळला तर बघायला प्लंबरच बोलवावा लागतो. त्या दिवसापासून तो शेजारी राहत नाही, धंदेवाला होतो. धंदा आपल्याला झेपेल का, हे कळायला खालच्या मजल्यावर काढलेली दोन-तीन वर्षं पुरतात, आणि तोवर भाडं चालू असतं.