कंपनी बदलली, तरी सवलत कशी टिकते?

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जेथे फुटतो, त्या कसाल गावातील एकाच मोटारीच्या विम्यासाठी दोन कंपन्या वेगवेगळे हप्ते सांगतात, कारण त्या हप्त्याचे मुळात दोन भाग असतात. अपघातात इतरांच्या हानीची भरपाई देणाऱ्या, कायद्याने सक्तीच्या त्रयस्थ-पक्ष विम्याचा दर केंद्र सरकार ठरवते, त्यामुळे तेथे घासाघीस व्यर्थ ठरते. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दर मात्र 2007 पासून खुला झाला असून, एकाच कलमबागेचा मोहोर पाहून दोन व्यापारी जशी निराळी बोली लावतात, तसा प्रत्येक कंपनी जोखमीचा अंदाज आपल्या अनुभवावरून बांधते, आणि चार ठिकाणी चौकशी केल्याचे फळ याच भागात मिळते.

वर्षभर भरपाई न मागितल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’, पहिल्या वर्षानंतर 20 टक्के आणि अशा सलग पाच वर्षांनंतर 50 टक्के होते; ती वाहनाला किंवा कंपनीला नव्हे, तर मालकाला जोडलेली असल्याने नव्या कंपनीकडेही सोबत येते, म्हणून ती बुडेल या धास्तीने महाग विमा चालू ठेवणे अनाठायी आहे. हप्ता फारच कमी दिसल्यास वाहनाचे विमामूल्य घटवलेले नाही ना, हे अवश्य तपासावे. मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण न केल्यास मात्र ही सवलत रद्द होते.