गेमिंग कॉम्प्युटर जुळवताना पैसा कुठे घालावा?

२०२४ सालच्या जुलैमधली गोष्ट. आमचे चिरंजीव, वय वर्षे सोळा, इथे अर्विंगमध्ये एका पोहण्याच्या तलावावर लाइफगार्डचे काम करीत होते. दोन उन्हाळ्यांत त्यांनी ९०० डॉलर साठवले होते आणि मी ६०० घालायचे कबूल केले होते. एके रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांनी टेबलावर एक यादी ठेवली. गेम खेळण्याचा कॉम्प्युटर तयार न घेता सुटे भाग आणून स्वतः जुळवायचा, आणि ऑगस्टमध्ये शेजारच्या ग्रेपव्हाइनला भरणाऱ्या क्वेककॉनला तो घेऊन जायचे, असा बेत होता.

हे खूळ आपल्या भागाला नवे नाही. 'डूम' (१९९३) आणि 'क्वेक' (१९९६) हे खेळ करणारी इड सॉफ्टवेअर ही कंपनी तेव्हा डॅलसपलीकडच्या मेस्किट गावात होती. १९९६ साली काही खेळाडू आपापले कॉम्प्युटर उचलून गार्लंडच्या एका हॉटेलात जमले, ती क्वेककॉनची सुरुवात.

यादी मी वाचली. ग्राफिक्स कार्ड ६०० डॉलर. दिव्यांचे, काचेचे कॅबिनेट १३०. पॉवर सप्लाय, ज्याला आपल्याकडचे दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तो ३५. मॉनिटरचा उल्लेखच नव्हता. "बाबा, तुमचा जुना आहे ना," असे उत्तर मिळाले.

तो ३५ चा आकडा पाहून माझ्या पोटात गोळा आला. १९९७ साली मी विद्यार्थी असताना असाच स्वस्तातला पॉवर सप्लाय घेतला होता. एका रात्री फट् असा आवाज झाला, जळका वास आला, आणि मदरबोर्डबरोबर हार्ड डिस्कही गेली. तिच्यावर माझा अर्धा प्रबंध होता. दुसरी प्रत ठेवण्याची अक्कल तेव्हा नव्हती. वीस-पंचवीस डॉलर वाचवण्यापायी मी एका जादा सेमिस्टरची फी भरली.

मी ती यादी खोडायलाच निघालो होतो. पण पैसे बव्हंशी त्याच्या घामाचे होते. शेवटी सौ.ने तह घडवून आणला. भाग त्याने निवडायचे, मी प्रत्येक भागापुढे "का?" एवढेच विचारायचे. त्या 'का'तून आम्ही दोघे जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी पडदा. साध्या १०८० पी मॉनिटरवर सुमारे २१ लाख ठिपके असतात, १४४० पी वर ३७ लाख आणि ४ के वर ८३ लाख. हे सगळे ठिपके कार्डाला सेकंदाला साठ-शंभर वेळा रंगवावे लागतात. माझा जुना मॉनिटर १०८० पी चा, सेकंदाला साठच चित्रे दाखवणारा. कार्डाने दीडशे चित्रे काढली तरी दिसणार साठच! म्हणजे ६०० डॉलरच्या कार्डातले निम्मे पैसे पाण्यात. म्हणून आधी मॉनिटर ठरवावा आणि त्याला पुरेल असे कार्ड घ्यावे. आम्ही १४४० पी चा, १६५ हर्ट्झचा मॉनिटर २२० ला घेतला आणि कार्ड ४०० वर आणले.

कार्ड. गेमच्या कॉम्प्युटरमध्ये सर्वांत मोठा खर्च याचाच असावा. मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त, हे प्रमाण ठीक पडते. कार्डाची स्वतःची मेमरी जरूर पाहावी. १४४० पी साठी ८ जीबी आता तोकडी पडू लागली आहे, १२ किंवा अधिक बरी.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम. ही तीन भावंडे एकमेकांना मानवणारीच हवीत. डीडीआर ५ ची रॅम डीडीआर ४ च्या खाचेत बसतच नाही. खेळासाठी सहा कोरचा मध्यम प्रोसेसर पुरतो. रॅम ३२ जीबी घ्यायची तर १६ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात, कारण दोन वाटांनी माहितीची ने-आण जलद होते. डॅलसच्या मायक्रो सेंटरसारख्या दुकानांत ही तिन्ही एकत्र घेतल्यास भाव कमी पडतो. आम्हांला ३८० पडले.

पॉवर सप्लाय. इथे कंजुषी नको. हिशोब सोपा आहे. आमचे कार्ड २४५ वॅट, प्रोसेसर ९० च्या आत, बाकी सगळे मिळून साठ-सत्तर, म्हणजे जेमतेम ४००. कार्ड क्षणभर याहून जास्त वीज खेचते, म्हणून ६५० वॅटचा घेतला. डब्यावरचा 'गोल्ड' हा शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगतो. टिकाऊपणासाठी हमीची वर्षे पाहावीत. सात ते दहा वर्षांची हमी असलेला ८५ डॉलरला मिळाला. एका पॉवर सप्लायच्या केबली दुसऱ्याला कधीही लावू नयेत. तोंड बसले तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि जोडलेले भाग जळतात.

उरलेसुरले. १ टीबीची एसएसडी ७०. कॅबिनेट साधे, पण पुढून हवा घेणारे, ६०. दिव्यांचा हट्ट चिरंजीवांनी आपणहून सोडला, पॉवर सप्लायचे पैसे तिथूनच निघाले. टेक्ससची वादळे लक्षात घेऊन सर्ज प्रोटेक्टर २५.

यादीत नेहमी राहून जातात अशा दोन गोष्टी म्हणजे विंडोज (१३९ डॉलर) आणि विक्रीकर. सगळे मिळून १३७९ झाले, त्यावर अर्विंगचा सव्वाआठ टक्के कर जवळजवळ ११४. एकूण १४९२ डॉलर ७७ सेंट. सव्वासात डॉलर शिल्लक! ऑगस्टमधल्या करमाफीच्या शनिवार-रविवारची वाट पाहण्यात अर्थ नाही. आपल्या राज्यात ती सवलत कपडे, चपला, दप्तरे आणि शालेय साहित्याला आहे, कॉम्प्युटरला नाही. "चार हप्त्यांत द्या" असे म्हणणाऱ्या बटणापासूनही दूर राहावे. मुलाला पहिलीच मोठी खरेदी उधारीवर शिकवू नये.

हे भाव २०२४ चे आहेत. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव एकदम भडकले. तेव्हा आकड्यांपेक्षा निवडीचा क्रम लक्षात ठेवावा.

आता थोडे प्रकृतीविषयी. मॉनिटर हातभर अंतरावर, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. पाठीला आधार देणारी खुर्ची दिव्यांच्या कॅबिनेटपेक्षा केव्हाही अधिक मोलाची. शिवाय चारशे वॅटचे यंत्र म्हणजे खोलीत ठेवलेला छोटा हीटरच, ऑगस्टमध्ये दार उघडे ठेवावे.

एका रविवारी सकाळी दोघांनी मिळून कॉम्प्युटर जुळवला. सुरू झाला, पण खेळ रखडत चालेना! तासभर डोके खाजवल्यावर कळले की मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावली होती. ती लावणारा मी होतो. चिरंजीवांनी शांतपणे विचारले, "बाबा, का?"

ऑगस्टमध्ये ग्रेपव्हाइनला गेलो. शेजारच्या टेबलावर एक लहानगा मुलगा वडिलांबरोबर आला होता. आमचे यंत्र पाहून, असे करायचे तर कोणते कार्ड घ्यावे, असे त्याने विचारले. चिरंजीव म्हणाले, "आधी सांग, तुझा मॉनिटर कोणता?"

माझे ६०० डॉलर तिथेच वसूल झाले.