उन्हाळा, तान्हं बाळ आणि चमचाभर पाणी

विदर्भात पारा ४४ अंशांवर गेला की तान्हं बाळ असलेल्या घरातल्या आजीचा जीव राहत नाही. आपल्याच घशाला कोरड पडते, मग या इवल्या जिवाला उकळून गार केलेलं चमचाभर पाणी का नको? काळजी खरी आहे, पण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. पहिल्या दिवशी बाळाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ६० मिलिलिटर द्रव पुरतो. तो रोज थोडा वाढत आठवड्याअखेरीस १५०च्या आसपास जातो. म्हणजे आठवड्याच्या, तीन किलोच्या बाळाने दिवसभरात ४५० मिलिलिटर दूध प्यायलं की जवळपास ३९० मिलिलिटर पाणी त्याला मिळालेलंच असतं. पहिले दोन-तीन दिवस चीक थोडाच येतो, याचा घरादाराला उगाच धसका बसतो. जन्मतः बाळाच्या अंगात जादा पाणी असतं, ते लघवीवाटे जातं आणि वजन थोडं उतरतं. बहुतेक बाळांचं ते दोन आठवड्यांत भरून निघतं.

‘हे हिशेब थंड देशांतले’ असं कुणी म्हणेल. पण दिल्लीच्या ऐन उन्हाळ्यात डॉ. सचदेव आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नुसत्या अंगावरच्या दुधावरच्या बाळांना पाणी कमी पडलं नव्हतं. वरचं पाणी मिळालेली बाळं मात्र दूध कमी प्यायली. नुकसान इथेच सुरू होतं. बाळ कमी ओढतं, म्हणून आईला दूधही कमी येऊ लागतं. शिवाय कोवळ्या मूत्रपिंडांना जादा पाणी झटपट बाहेर टाकता येत नाही. रक्तातलं सोडियम उतरलं तर गुंगी येते, झटकेही येऊ शकतात. डब्याच्या दुधात पाणी वाढवणं याच कारणाने घातक. डब्यावरचं माप काटेकोर पाळायलाच हवं.

खरा आक्षेप वेगळाच आहे: आईला दूधच पुरेसं येत नसेल तर? असं होतं, आणि ते अंगावर काढू नये. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा-सात लंगोट ओले व्हावेत, लघवी फिकट असावी. तसं होत नसेल, बाळ मलूल दिसत असेल किंवा वजन उतरतच असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ते बाळाची पकड तपासतील, वारंवार पाजायला सांगतील, गरज पडली तर वरचं दूध सुचवतील. पाणी मात्र सहा महिने पूर्ण झाल्यावर, मऊ वरणभाताच्या जोडीने, घोट-घोट सुरू करावं.