काळ्या पडद्याची तोंडओळख



संगणक कक्षातील काळ्या पडद्यावर मुले अक्षरे टाइप करताना पाहून पालक आम्हाला विचारतात, "माउसने सगळे होत असताना हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या अंकात देत आहोत.

या पद्धतीला कमांड लाइन म्हणतात. येथे चित्रावर क्लिक करायचे नसते, संगणकाला शब्दांत आज्ञा द्यायची असते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवायला घेतली. त्या काळी आज्ञा संथ टेलिटाइप यंत्रावर टाइप कराव्या लागत, म्हणून बऱ्याच आज्ञा दोन-तीन अक्षरांच्याच राहिल्या. त्याच वळणाची लिनक्स प्रणाली १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आणली. ती विनामूल्य मिळते आणि जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून तिच्यावरच चालतात.

घरी मराठी, बाजारात कन्नड, पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषा आपली मुले सहज वापरतात. ही चौथी भाषा तर मोजक्या शब्दांची आहे. खाली आज्ञांचे उच्चार दिले आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरे वापरावीत. लिनक्समध्ये लहान व मोठे अक्षर वेगळे मानले जाते.

१. पीडब्ल्यूडी (बांधकाम खाते नव्हे!) : आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगते.
२. एलएस : येथे कोणत्या फाइली आहेत ते दाखवते.
३. सीडी : पुढे नाव लिहिल्यास त्या फोल्डरमध्ये नेते, जागा सोडून दोन टिंबे दिल्यास एक पायरी वर आणते.
४. एमकेडीआयआर : नवे फोल्डर तयार करते.
५. सीपी व एमव्ही : पहिली प्रत काढते, दुसरी फाइल हलवते किंवा तिचे नाव बदलते.
६. आरएम : फाइल पुसते.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एलएसऐवजी डीआयआर लिहावे. तेथे नुसते सीडी लिहिले की आपली जागा कळते.

याचा फायदा काम मोठे असले की कळतो. स्नेहसंमेलनाचे तीनशे फोटो एकेक करून हलवायला संध्याकाळ जाईल. तारकाचिन्ह म्हणजे 'कोणतेही नाव'. ते वापरले की एका ओळीत काम होते.

पण हीच ताकद उलटूही शकते. आरएमने पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, ती गेलीच. तारकाचिन्ह आणि पुढच्या टिंबाच्या मध्ये चुकून एक जागा सुटली, तर काही फाइलींऐवजी फोल्डरमधील जवळपास सगळ्याच फाइली पुसल्या जातात. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' तयार होत असताना अशाच एका पुसण्याच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली भराभर नाहीशा होऊ लागल्या. राखीव प्रतीही नीट निघाल्या नाहीत. गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ महिलेने घरच्या संगणकावर एक प्रत ठेवली होती, तिनेच काम वाचले.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. आधी पीडब्ल्यूडीने जागा पाहावी. जे पुसायचे, त्याच नावाने आधी एलएस चालवून यादी वाचावी. मग आरएमपुढे जागा सोडून उणे चिन्ह व आय हे अक्षर लिहावे, म्हणजे प्रत्येक फाइल पुसण्यापूर्वी संगणक विचारतो. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी हवीच.

आज्ञा चुकली तर घाबरू नका, संगणक बहुधा 'अशी आज्ञा नाही' एवढेच सांगतो. वरच्या बाणाने मागची आज्ञा परत येते, टॅबने अर्धवट नाव पूर्ण होते, आणि एमएएन लिहून पुढे आज्ञेचे नाव दिल्यास तिची माहिती मिळते.

पालकांनीही सुटीच्या दिवशी मुलांशेजारी बसावे. सरावासाठी एक वेगळे फोल्डर करावे, त्यात दोन-चार रिकाम्या फाइली ठेवाव्यात आणि पुसण्याचा सराव फक्त तेथेच करावा.